फॉल ड्राइव्हला गाड्यांचा ताफा काढताय? या चुका टाळा

सप्टेंबर लागला की बॉस्टनकडच्या आमच्या गाडीवेड्या मराठी ग्रुपवर ठरलेला मेसेज येतो: "यंदा फॉल कलर्सना कॅन्क करू या का? कोलंबस डेच्या वीकेंडला?" फॉल कलर्स म्हणजे पानगळीआधी रंगलेली झाडं, कॅन्क म्हणजे न्यू हॅम्पशायरमधला डोंगरातला कॅन्कामेगस हायवे, आणि कोलंबस डे म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारची सुट्टी. त्या मेसेजवर धडाधड अंगठे पडतात, आणि प्लॅनिंग झालं असं सगळे समजून चालतात. मी बहुतेक वेळा ताफ्यातली शेवटची गाडी चालवते. कोण मागे पडलं, कोणाचं टायर बसलं, कोण चुकीच्या वळणाने गेलं, हे बघायचं काम माझं. त्यामुळे पुढच्याने केलेली प्रत्येक चूक शेवटी माझ्या काचेसमोर येऊन थांबते. दरवर्षी त्याच त्या चुका. म्हणून हे एकदा लिहूनच टाकते.

तारीख पक्की, रस्ताही पक्का

दोन्ही एकदम पक्के करू नका. सुट्टी, मुलांचे क्लास, कोणाच्या तरी सासूबाईंचं परतीचं विमान यांमुळे तारीख आधी ठरवावीच लागते, ते मला मान्य आहे. पण मग रस्ता मोकळा ठेवा. न्यू हॅम्पशायरमधली झाडं काही आपल्या लाँग वीकेंडकडे बघून रंगत नाहीत.

दिवस लहान व्हायला लागले की पानं हरितद्रव्य बनवणं थांबवतात. पिवळा-नारिंगी रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवा उतरला की तो दिसू लागतो. बर्च, ॲस्पेनचा पिवळा म्हणूनच दरवर्षी बऱ्यापैकी भरवशाचा. लाल रंगाचं तसं नाही. मेपलचं पान तो त्या काळात नव्याने तयार करतं, पानात अडकलेल्या साखरेपासून. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण गोठवणारी थंडी नको. रात्री उबदार राहिल्या तर लाल फिका पडतो, उन्हाळा कोरडा गेला तर पानं लवकर गळतात, आणि वाऱ्यापावसाची एक रात्र आली की सगळा रंग रस्त्यावर. ते इंटरनेटवरचे रंगीत नकाशे ऑगस्टमध्ये निघतात. त्यांच्यावर विसंबून हॉटेल बुक करणाऱ्यांना मी आता समजवायचं सोडून दिलंय.

रंग उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि डोंगरमाथ्यावरून खाली सरकतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ झालं. माझ्या वहीत एकाच तारखेसाठी तीन-चार रस्ते लिहिलेले असतात. सप्टेंबरअखेरीला निघायचं तर अगदी वर, डिक्सव्हिल नॉचकडे (नॉच म्हणजे डोंगरातली खिंड). ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फ्रँकोनिया नॉच आणि कॅन्क. महिन्याच्या मध्यावर मॅसॅच्युसेट्समधला मोहॉक ट्रेल, म्हणजे रूट २, आणि जमल्यास माउंट ग्रेलॉक. अगदीच उशीर झाला तर क्वाबिनचा परिसर किंवा कनेटिकट. तिथे ओक जास्त, रंग तांबूस-तपकिरी, पण गर्दी नसते. कुठे जायचं ते मी बुधवारी रात्री ठरवते, त्या आठवड्यातले रस्त्यांवरचे ताजे फोटो बघून. एक्सेल शीटवाल्यांना हे सहन होत नाही. "अगं पण लोकांना आधी सांगायला नको?" सांगा की. सकाळी किती वाजता, कुठे भेटायचं ते सांगा. पुढचं बुधवारी कळेल.

ताफा म्हणजे आगगाडी नव्हे

माझा सगळ्यात जास्त जीव खाल्लेली चूक ही. नवीन आयोजकाला वाटतं, अठरा गाड्या म्हणजे अठरा डबे, एकामागे एक चिकटून जायचं, मध्ये कोणाला घुसू द्यायचं नाही. त्यातून मग हॅझर्ड लाइट लावून चालवणं, सिग्नल तोडणं आणि पुढच्याच्या बंपरला चिकटणं असे प्रकार सुरू होतात.

एका वर्षीची गोष्ट. आयोजक उत्साही, गाडी नवी कोरी, प्लॅन छापील. कोलंबस डेच्या शनिवारी सकाळी दहाला बॉस्टनच्या उत्तरेला एका पार्किंग लॉटमध्ये जमायचं, आय-९३ ने सरळ लिंकन, तिथून कॅन्क, कॉनवेला जेवण. अठरा गाड्या, एक ओळ. दहाचे पावणेअकरा झाले, कारण आपण मराठी माणसं. लिंकनच्या बत्तीस नंबरच्या एक्झिटलाच गाड्यांची रांग हायवेवर आलेली. त्या वीकेंडला अर्धं न्यू इंग्लंड तिथे असतं, त्यात आश्चर्य काही नाही.

गावातल्या पहिल्याच सिग्नलला ओळ तुटली. पुढच्या सहा गाड्या निघून गेल्या. मधल्या पाच-सहा जणांना तिथे आठवलं की गॅस भरायचा राहिलाय, ते पंपावर वळले. मागचे त्यांच्यासाठी रस्त्याच्या कडेला थांबले. मग पंपावरचे बाहेर पडले आणि कडेला थांबलेल्यांना न बघताच पुढे गेले. मी शेवटून हे सगळं बघतेय, रेडिओ माझ्या आणि आयोजकाच्या गाडीतच, आणि तो रेंजच्या बाहेर गेलेला.

कॅन्कवर, म्हणजे रूट ११२ वर, लिंकन ते कॉनवे साधारण पस्तीस मैलांत एकही पंप नाही आणि बराचसा रस्ता मोबाइल लागत नाही. "लाइव्ह लोकेशन टाका" वगैरे तिथे चालत नाही. पहिली तुकडी सॅबाडे फॉल्सला थांबली, दुसरी पेमिगेवॅसेट ओव्हरलुकला. दुसऱ्या तुकडीला वाटलं पहिले अजून यायचेत, पहिल्यांना वाटलं दुसरे येतीलच. दोन्हीकडे तासभर. आणि जेवणाचं म्हणाल, तर मिसळीचा कट मोठ्या थर्मासमधून पहिल्या गाडीत, पाव आणि फरसाण माझ्या डिकीत. इकडे मुलं कोरड्या पावात फरसाण भरून खात होती, तिकडे लोक कागदी कपातून नुसता कट पीत होते. संध्याकाळी कॉनवेला नेटवर्क आलं तेव्हा सगळ्यांच्या फोनवर एकदम मेसेजांचा पाऊस पडला: "कुठे आहात?" "आम्ही थांबलोय." "हॅलो??" तोवर अंधार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे सव्वासहाच्या आत सूर्य मावळतो, डोंगराच्या आड तर त्याच्याही आधी जातो. रंग बघायला आलेल्यांनी मुख्यतः एकमेकांचे टेललाइट बघितले.

यावर माझे उपाय साधे आहेत. मोठ्या गटाचे पाच-सहा गाड्यांचे छोटे गट करायचे, प्रत्येकाला एक म्होरक्या, एक शेवटची गाडी. गट दहा मिनिटांच्या अंतराने सोडायचे. वळणाचा नियम एकच: तुमच्या मागच्या गाडीने तुम्हाला वळताना पाहिलं याची खात्री झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. सरळ रस्त्यावर कोणी मागे राहिलं तर राहू द्या, येईल. प्रत्येक गाडीत कागदावर छापलेला रस्ता, थांबे, आणि "चुकलो तर इतक्या वाजता इथे" अशी एक ओळ. हो, कागदावर. हसा खुशाल.

रेडिओ म्हणाल तर साधे एफआरएस वॉकीटॉकी विनापरवाना चालतात, पण डोंगरातल्या वळणांत ते मैल-दोन मैलांपुढे फारसे टिकत नाहीत. जीएमआरएस हे जास्त ताकदीचे रेडिओ त्यापेक्षा बरे. त्यांना एफसीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी दळणवळण आयोगाचा, परवाना लागतो, पण परीक्षा नसते. ३५ डॉलरमध्ये दहा वर्षं, आणि एकाच परवान्यावर घरातल्यांचं भागतं. फोन हातात धरून चालवणं न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स तिन्हीकडे बेकायदा आहे. ग्रुपवर व्हॉइस नोट टाकणाऱ्या म्होरक्याला मी पुढच्या वर्षी म्होरक्या करत नाही.

उलट दिशा

बॉस्टनहून सगळे लिंकनला जाऊन पूर्वेकडे निघतात. म्हणजे सकाळी ऊन थेट डोळ्यांत आणि झाडांची सावलीची बाजू आपल्याकडे. मी रूट १६ ने आधी कॉनवेला जाते, आणि सकाळी पश्चिमेकडे चालवते. ऊन पाठीशी, रंग उजळलेले, लिंकनकडून येणारी गर्दी समोरच्या लेनमध्ये. मात्र सकाळी लवकर निघायला हवं. दुपारनंतर हाच रस्ता उन्हात डोळे मिचकावत चालवावा लागतो. नॉर्थ कॉनवेच्या आउटलेट मॉलपाशी कोणालाही थांबू देऊ नका. तिथे गेलेला माणूस परत येत नाही.

शॉर्टकट

व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत. फोनला हे माहीत असतं, पण तो ते सांगत नाही. त्याला सात मिनिटं वाचलेली दिसतात. तिथल्या गावांचे "क्लास ४" म्हणून रस्ते असतात, ज्यांची देखभाल गावाने करायलाच हवी असं नाही. एकदा एका खाली बसवलेल्या स्पोर्ट्स कारचं तोंड अशा रस्त्यावरच्या चाकोरीत रुतलेलं मी पाहिलंय. मालकाने उतरून आधी फोटो काढला, मग बंपरचा तुटलेला तुकडा डिकीत टाकला आणि मला म्हणाला, "ताई, मॅपवर तर हिरवा दाखवत होता." हिरवा म्हणजे ट्रॅफिक नाही, भाऊ. ट्रॅफिक का नाही ते तुला आता कळलं.

स्मगलर्स नॉचचा रूट १०८ हाही असाच लोकांचा लाडका. सुरेख आहे, जा. पण वरच्या भागात रस्ता दगडांमधून इतका अरुंद आणि वळणाचा होतो की मोठ्या ट्रकना तिथे बंदी आहे, आणि तरी ते घुसून अडकतात. एक अडकला की तुमचा दिवस गेला. हिवाळ्यात तो भाग बंदच असतो.

आणि ते वुडस्टॉकजवळच्या पॉम्फ्रेटचं प्रकरण. इन्स्टाग्रामवरचं एक शेत बघायला इतकी झुंबड उडाली की २०२३ मध्ये गावाने फॉलच्या ऐन दिवसांत क्लाउडलँड रोड बाहेरच्यांसाठी बंद केला. लोक फोटोसाठी परक्याच्या अंगणात शिरत होते, रस्त्यात गाड्या लावत होते. फोटोतली जागा बघून रस्ता ठरवणाऱ्या आयोजकांनी आधी त्या गावाची सूचना वाचावी. अठरा गाड्या घेऊन कोणाच्या घरासमोर उभं राहायचं नसतं, हे खरं तर सांगावं लागू नये.

बाकीचं, पटापट

टायर: समर टायर असलेल्या गाड्यांनी लक्ष द्या. सात अंश सेल्सियसच्या खाली त्यांचं रबर कडक होतं, आणि ऑक्टोबरमध्ये कॅन्कच्या माथ्यावर, २,८५५ फुटांवर, सकाळी तेवढी थंडी सहज असते. त्यात ओली पानं. ओल्या पानांवर ब्रेक मारून बघायची हौस कोणी करू नये.

गॅस आणि चार्जिंग: जमायच्या ठिकाणी टाकी भरलेली हवी. "वाटेत भरू" म्हणणाऱ्याला मी तिथूनच पंपावर पाठवते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी चढ आणि थंडी धरून हिशेब करावा, जाहिरातीतला आकडा धरून नाही.

थांबे: रस्त्याच्या उजव्या हाताला असलेले निवडा. समोरून येणाऱ्या ओळीतून सहा गाड्यांनी डावीकडे वळायचं म्हणजे मागे अर्धा मैल रांग. व्हाइट माउंटन नॅशनल फॉरेस्टच्या ठराविक पार्किंगला दिवसाचे पाच डॉलर पडतात, तेव्हा सुटे ठेवा. आणि माणसं ७५ किंवा जास्त होत असतील तर फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना लागतो. तो वेळेत मागा.

जेवण: छोट्या डायनरमध्ये न सांगता चाळीस जण घुसवू नका. घरून न्या, आणि प्रत्येक गटाचं जेवण त्या-त्या गटातच ठेवा. कारण वर वाचलंच आहे.

माउंट वॉशिंग्टन ऑटो रोड: खासगी रस्ता आहे, १८६१ पासूनचा, ७.६ मैल, सरासरी चढ बारा टक्के. सगळ्या मॉडेल्सना वर सोडत नाहीत. त्यांची यादी आधी बघा, फाटकावर वाद घालू नका. उतरताना लो गिअर. ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांच्या चाकांचा जळका वास मागच्या गाडीपर्यंत येतो, मागच्या गाडीत मी असते.

मूस, म्हणजे इथलं भलंमोठं हरीण: त्याच्या इशाऱ्याच्या पिवळ्या पाट्या पर्यटकांच्या गमतीसाठी लावलेल्या नाहीत. संध्याकाळनंतर वेग कमी करा. उंच पायांमुळे त्याचं धड थेट काचेवर येतं, आणि गडद रंगामुळे हेडलाइटमध्ये तो फार उशिरा दिसतो.

पाऊस: दुपारपर्यंत पडणार असेल तरी रद्द करू नका, ढगाळ उजेडात लाल जास्त खुलतो. जोराच्या वाऱ्याचा इशारा असेल तर मात्र रद्द करा, आणि आदल्या रात्री नऊच्या आत कळवा. सकाळी सहाला नव्हे. तोवर कोणीतरी मिसळीची मटकी शिजवायला टाकलेली असते.