उतारवयातली भटकंती: मुक्काम पक्का, दिवस मोकळा

निवृत्तीनंतर प्रवासाचा बेत आखताना अनेक जण प्रेक्षणीय स्थळांची लांबलचक यादी करतात आणि ऐन विसाव्याच्या वयात पुन्हा वेळापत्रकाचे चाकर होतात. निरुद्देश भटकायचे असेल, तर राहण्याची जागा, औषधे आणि परतीची सोय एवढ्याच बाबतींत काटेकोर राहावे, म्हणजे बाकीचा दिवस निर्धास्तपणे मोकळा सोडता येतो.

एकाच ठिकाणी निदान आठवडाभर मुक्काम करावा. खोली तळमजल्यावरची किंवा लिफ्ट असलेली घ्यावी, कारण बाहेर पडण्याचा कंटाळा जिन्यापासूनच सुरू होतो. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि चिठ्ठीवर त्यांतील मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे. कंपन्यांनी दिलेली नावे देशागणिक बदलतात. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास पायांतील शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चालावे. वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते, तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसल्यास तहान लागण्याची वाट पाहू नये.

सकाळी निघताना कुठे जायचे हे न ठरवता कधी परतायचे एवढेच ठरवावे आणि अंगात निम्मी शक्ती शिल्लक असतानाच मागे फिरावे. वाट निवडायला एखादा फुटकळ नियम पुरतो: सावलीची बाजू धरावी, नदीच्या काठाकाठाने जावे, किंवा समोर येईल त्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन तिनेच परतावे. गुडघे कुरकुरत असतील त्यांना हा शेवटचा प्रकार सोयीचा आहे आणि पायी भटकण्यापेक्षा त्याला कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. १९५० च्या दशकात पॅरिसमधील काही बंडखोर कलावंत अशा दिशाहीन फिरण्याला शहर समजून घेण्याची रीतसर पद्धत मानत; त्यांचे मद्यपान मात्र अनुकरणीय नाही.

नवलाई ओसरली की कंटाळा येतो. त्या वेळी मोबाइल काढू नये, कारण खरे काम इथूनच सुरू होते. नोकरी, संसार आणि चार लोकांतील प्रतिष्ठा यांच्या दडपणाखाली आपल्या आवडी इतकी वर्षे ठरत आलेल्या असतात, की त्यांतील आपल्या कोणत्या आणि उसन्या कोणत्या हे सांगणे अवघड होते. संग्रहालयांची आवड आयुष्यभर मिरवणारा माणूस तिथून दहा मिनिटांत बाहेर पडून सुताराच्या कामापुढे तासभर उभा राहू शकतो. रात्री वहीत दोनच गोष्टी लिहाव्यात: पाय कुठे थबकले आणि कुठून निघून जावेसे वाटले. दुसरी नोंद सहसा अधिक प्रामाणिक असते.

जोडीने गेलेल्यांनी दिवसाचा काही भाग वेगवेगळे फिरावे, भेटीची जागा व वेळ आधी ठरवावी आणि भेटल्यावर एकमेकांकडे हिशेब मागू नये.