खाडा पडायच्या आधीच करून ठेवायची तयारी

कंपनीत, वर्कशॉपात, मॉलमध्ये, सिक्युरिटीत कामाला असणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, आणि खास करून ठेकेदाराकडे असलेल्यांसाठी, कारण आजारी पडल्यावर डॉक्टर कुठेही मिळतो पण बुडालेला पगार मिळवायचा तर कागद आधीपासून नीट लागतात. तापाने फणफणलेल्या माणसाला एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरावं लागतं ते खरंच बघवत नाही हो.

तर पहिलं काम म्हणजे या महिन्याची पगाराची स्लिप काढून बघा. पगार महिन्याला 21,000 पर्यंत असेल आणि तुमच्या आस्थापनेला ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागू असेल तर तुमचे 0.75 टक्के कापलेले दिसले पाहिजेत, मालक त्याच्यावर स्वतःचे 3.25 टक्के भरतो. 15,000 पगार असेल तर स्लिपवर 113 रुपये दिसतील. पण कापले म्हणजे भरले असं समजू नका, आपला आयपी नंबर, म्हणजे विम्याचा नंबर, टाकून ईएसआयसीच्या पोर्टलवर जा आणि कुठल्या महिन्यात किती दिवसांचे पैसे भरलेत ते स्वतः बघा, कारण सगळा खेळ त्या दिवसांवर आहे. एप्रिल ते सप्टेंबरमध्ये निदान 78 दिवस भरलेले असले तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये आजारपणाचे पैसे मिळतात, आणि ऑक्टोबर ते मार्चचे दिवस जुलै ते डिसेंबरला कामी येतात. नवीनच लागला असाल तर औषधपाणी लगेच सुरू होतं पण पगाराच्या बदल्यातले पैसे साधारण नऊ महिन्यांनंतरच, तेवढा काळ आपली सोय आपणच करायची.

ठेकेदार बदलला की अजून एक लफडं होतं, नवीन ठेकेदार जुना नंबर न विचारता नवीनच नंबर काढतो आणि तुमचे दिवस दोन नंबरांत वाटले जातात, मग 78 भरतच नाहीत. म्हणून जॉइन होतानाच जुना आयपी नंबर लिहून द्या आणि ई-पहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयसीच्या ओळखपत्राची, प्रिंट घ्या. कार्डावर आपलं आणि घरच्यांचं नाव आधारप्रमाणेच आहे ना, बँक खातं जोडलंय ना, आणि आपल्याला ईएसआयची डिस्पेन्सरी कुठली लागलीय की पॅनेलचा, म्हणजे त्यांनी नेमलेला खाजगी डॉक्टर दिलाय, हे सगळं बरं असतानाच बघून या, एकदा प्रत्यक्ष जाऊन वेळा विचारून या.

आता सगळ्यात जास्त पैसे कुठे बुडतात ते सांगतो. आमच्या लाइनवरच्या एकाला टायफॉइड झाला, घराजवळच्या खाजगी डॉक्टरकडे सलाईन लावली, बरं वाटल्यावर मग डिस्पेन्सरीत गेला आणि सर्टिफिकेट मागितलं, तर त्यांनी त्या दिवसापासूनचंच दिलं, मागचे सगळे दिवस गेले. त्यात त्याची काही चूक नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. तर पहिल्याच दिवशी ईएसआयच्या डॉक्टरला दाखवा, फर्स्ट सर्टिफिकेट घ्या, आजार लांबला तर मधली सर्टिफिकेट घेत राहा, आणि प्रत्येकाचा फोटो काढून सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणजे न सांगता गैरहजर असा शेरा कोणी मारणार नाही. गावाला असताना आजारी पडलात तर जवळचा ईएसआयचा दवाखाना शोधा, नसेलच तर डिस्चार्ज कार्ड, रिपोर्ट, बिलं सगळं जपून आणा, त्याचा विचार होऊ शकतो पण होईलच अशी खात्री धरू नका.

किती मिळतील त्याचा हिशोब आधीच करून ठेवा. साध्या आजारपणात रोजच्या सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, आणि आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे सहसा मिळत नाहीत. 15,000 पगार, महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजचे 500, त्याचे 70 टक्के 350. पंधरा दिवस पडून राहिलात तर तेरा दिवसांचे 4,550 येणार आणि पगार बुडणार 7,500, म्हणजे जवळपास 3,000 चं भगदाड, आणि जे येणार तेही पगाराच्या तारखेलाच येईल असं नाही. म्हणून सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, सगळ्या सणावाराला संपवू नका, दोन तरी शिल्लक ठेवा, त्या पहिल्या दोन दिवसांना लावता येतात. ज्या दिवसाची भरपगारी सुट्टी घेतली त्या दिवसाचे ईएसआयचे पैसे मिळत नाहीत, दोन्ही एकदम नाही. वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानाला-ऑफिसला महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याने वर्षाला 8 भरपगारी नैमित्तिक रजा द्याव्या लागतात, मालकाला बिनधास्त विचारा.

टीबी, कॅन्सर असे 34 मोठे आजार आहेत, त्यात दोन वर्षं नोकरी आणि पुरेसे दिवस भरलेले असले तर 80 टक्के आणि बराच जास्त काळ मिळतात, त्यामुळे 91 दिवस संपले म्हणून नोकरी सोडून गावाला जाऊ नका, आधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विचारा. टीबीच्या पेशंटला सरकारकडून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये वेगळे येतात, ते नाव नोंदवताना बँक खातं द्या. कामावर लागलं, मशीनमध्ये हात आला, तर तो वेगळा विषय, तिथे 90 टक्के मिळतात आणि 78 दिवसांची अट नाही, फक्त अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये करून घ्या, बाथरूममध्ये पडलो असं कोणाच्याही सांगण्यावरून लिहून देऊ नका.

ज्यांना ईएसआयसी नाहीच, म्हणजे घरकाम करणाऱ्या ताया, रिक्षावाले, नाक्यावर उभे राहणारे, त्यांना बुडालेल्या रोजाचे पैसे देणारं जवळजवळ काहीच नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही पण आज परिस्थिती तशी आहे. निदान उपचाराचा खर्च तरी अंगावर पडू नये म्हणून रेशनकार्डावर सगळ्यांची नावं चढवून घ्या, महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार त्याच्यावर होतात. बांधकामावर असाल तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा आणि दरवर्षी नूतनीकरण चुकवू नका. घरकामाला असाल तर आजारपणाच्या सुट्टीचा पगार कापायचा नाही हे काम धरतानाच बोलून घ्या, मध्येच विषय काढला की कटकट होते.

घरातलंही ठरवून ठेवा. बचत गटात नाव असू द्या, भिशी असेल तर अडचणीला नंबर आधी मिळतो का ते विचारून ठेवा, आणि हप्ता असेल तर बाऊन्स व्हायच्या आधी बँकेत जाऊन सांगा, घरमालकालाही आधीच कल्पना द्या. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अ‍ॅपला हात लावू नका, त्यापेक्षा सोनं तारण ठेवलेलं बरं. पीएफ असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, चालू करून केवायसी पूर्ण ठेवा, आजारपणासाठी त्यातून अ‍ॅडव्हान्स काढता येतो, पण हॉस्पिटलच्या बेडवरून केवायसी करणं फार जिवावर येतं.

आणि पैशापायी आजार अंगावर काढू नका. सर्टिफिकेट चालू असताना कामावर जायचं नाही, दुसरीकडेही नाही. बरं झाल्यावर फायनल सर्टिफिकेट घेऊनच हजर व्हा, क्लेम टाका, खात्यात आलेली रक्कम दिवसांशी ताडून बघा आणि कमी आली असेल तर शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.