पाण्यातून हायड्रोजन-ऑक्सिजन: धनाग्रावरच्या या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात पाण्याच्या विद्युत अपघटनाचा, म्हणजे वीज सोडून पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करण्याचा, प्रकल्प दिसला की मी आधी मुलांची वही मागतो. हायड्रोजन १० मिलि, ऑक्सिजन ५ मिलि असे गुळगुळीत आकडे आणि शेजारच्या भांड्यात मिठाचं पाणी, अशी जोडी दिसली की समजायचं, आकडे पुस्तकातून उतरवलेत. मिठाच्या पाण्यात असं प्रमाण सहसा येतच नाही.

या प्रयोगात ऋणाग्र, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून पाण्यात बुडवलेली कांडी किंवा तार, अगदी गरीब गाय. बॅटरीच्या ऋण टोकाला पेन्सिल लावा नाहीतर तांब्याची तार, पाण्यात सोडा घाला नाहीतर मीठ, तिथून हायड्रोजनच निघणार. खोड्या सगळ्या धनाग्राच्या, म्हणजे धन टोकाला जोडलेल्या कांडीच्या. त्यामुळे प्रयोग फसला की आधी तिकडे बघायचं.

मीठ घालू नका

शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून काहीतरी विरघळवावं लागतं आणि हाताशी मीठ असतं. पण मिठाच्या पाण्यात धनाग्रावर ऑक्सिजनऐवजी मुख्यतः क्लोरीन तयार होतो. हा वायू विषारी आहे. शिवाय तो पाण्यात विरघळतो आणि ऋणाग्राजवळ तयार झालेल्या अल्कलीशी त्याची अभिक्रिया होते, त्यामुळे वायू गोळा करायला धनाग्रावर पाण्याने भरून उलटी धरलेल्या नळीत फारसं काही साठतही नाही. पोहण्याच्या तलावासारखा वास आला तर नाक जवळ नेऊन खात्री करत बसू नका. बॅटरी काढा, खिडक्या उघडा, थोड्या वेळाने ते पाणी भरपूर पाण्यासोबत ओतून द्या. त्यात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल चुकूनही घालू नका, क्लोरीन आणखी सुटेल.

मग घालायचं काय? सोडियम सल्फेट मिळालं तर उत्तम. धुण्याचा सोडाही चालतो: पेलाभर पाण्याला सपाट चमचा पुरे. तो डोळ्यांना आणि त्वचेला झोंबतो, म्हणून चष्मा आणि हातमोजे हवेत. खाण्याचा सोडा हाताळायला सौम्य, पण धनाग्राजवळ आम्लता वाढली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ऑक्सिजनच्या नळीत भेसळ होते. नुसते बुडबुडे दाखवायचे असतील तर हरकत नाही, प्रमाण मोजायचं असेल तर नको. एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) वापरलंत आणि ऋणाग्राभोवती पांढरा गढूळपणा आला तर घाबरू नका, ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आहे.

पाणी निळसर-हिरवं झालं?

धनाग्राला तांब्याची तार लावली असेल, किंवा तार जोडायची क्रोकोडाइल क्लिप (दातेरी चिमटा) पाण्यात बुडाली असेल. वीज मग ऑक्सिजन तयार करण्याऐवजी धातू विरघळवण्यात खर्च होते. ही चूक मोठ्या मोठ्यांनी केली आहे. १८०० साली व्होल्टाच्या विद्युतघटाची बातमी लागताच विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाइल यांनी लंडनमध्ये पितळी तारा पाण्यात सोडल्या. एका तारेवर हायड्रोजन आला, दुसरी नुसतीच गंजत गेली. प्लॅटिनमच्या तारा लावल्या तेव्हा कुठे ऑक्सिजन हाती लागला.

प्लॅटिनम आपल्याला परवडणार नाही, तेव्हा शिसपेन्सिल. दोन्ही टोकांना तासायची, एक टोक पाण्यात, दुसऱ्याला क्लिप. क्लिपची पकड शिशावर हवी, लाकडावर नको. रंगीत पेन्सिल चालत नाही, तिच्या कांडीतून वीज जात नाही. स्टीलचे चमचे टाळा, स्टेनलेस स्टीलच्या धनाग्रातून क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरू शकतात. कार्बनच्या कांडीसाठी जुने सेल फोडणंही नको.

बुडबुडेच येत नाहीत

बहुतेकदा कारण साधं असतं: क्लिप सैल, बॅटरी उतरलेली किंवा पाण्यात सोडा फार कमी. एकच १.५ व्होल्टचा सेल लावला असेल तरही काही दिसणार नाही. पाणी तोडायला तत्त्वतः किमान १.२३ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात बरेच जास्त. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी पुरते. ताकद वाढवायची म्हणून घरातल्या विजेच्या सॉकेटकडे, गाडीच्या बॅटरीकडे किंवा लॅपटॉपच्या चार्जरकडे वळायचं नाही. पेन्सिली जवळ आणा, पण एकमेकींना टेकू देऊ नका.

आणि धीर धरा. १०० मिलिअँपिअर प्रवाह १० मिनिटं वाहिला तर साधारण ७.५ मिलि हायड्रोजन आणि त्याच्या निम्मा ऑक्सिजन, एवढंच मिळतं.

२:१ का येत नाही?

पाण्यातून हायड्रोजन ऑक्सिजनच्या दुप्पट, म्हणजे २:१ निघायला हवा, पण बहुतेक वेळा ऑक्सिजन कमी भरतो. एक कारण म्हणजे तो हायड्रोजनपेक्षा पाण्यात जास्त विरघळतो. उपाय सोपा आहे: पहिली १०-१५ मिनिटं, हवा खेळत्या जागी, नळ्या न लावताच प्रयोग चालू ठेवायचा, वायू पाण्यात मुरू द्यायचे, मग नळ्या भरून उलट्या करायच्या. दुसरं कारण पेन्सिल स्वतःच. धनाग्राचं शिसं झिजतं, पाण्यात काळे कण पडतात, थोडा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो सोड्याच्या पाण्यात विरघळून जातो. तेवढी वीज गेली, नळीत मात्र काही आलं नाही.

बाकीच्या चुका हाताच्या. नळी उलटी करताना वर हवेचा मणी अडकतो आणि तोही वायू म्हणून मोजला जातो. पेन्सिलचं उघडं टोक नळीच्या तोंडाबाहेर राहिलं की अर्धे बुडबुडे बाहेरून निघून जातात. वाचन घेताना नळी खालीवर करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करायची आणि डोळा त्याच रेषेत आणायचा. हे बारीक काम कंटाळवाणं आहे, पण मुलं सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

लिटमसने दोन्ही टोकांचे रंग वेगळे दाखवायचे असतील तर सोड्याचं पाणी घेऊ नका. ते आधीच अल्कधर्मी असतं, रंग बदलणार कसा? तिथे सोडियम सल्फेटच हवं.

धोक्याचं तेवढं आधी वाचा

दोन्ही वायू एकाच नळीत किंवा बाटलीत गोळा करू नका, आणि भांडं झाकण लावून बंद करू नका. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की मिश्रण पेट घेऊ शकतं, शुद्ध ऑक्सिजनसोबत तर स्फोट फार जोरात होतो. चाचणी घ्यायची तर मोठ्या माणसासमोर, डोळ्यांवर चष्मा लावून, एका छोट्या परीक्षानळीपुरतीच. हायड्रोजनची नळी तोंड खाली ठेवूनच उचलायची, नाहीतर तो हलका वायू वर निघून जातो. पेटती काडी तोंडाशी नेली की ‘पॉक’ असा आवाज येतो. ऑक्सिजनच्या नळीत विझत आलेली काडी पुन्हा पेटली पाहिजे. ती तशीच धुमसत राहिली तर मीठ, तांब्याची तार आणि झिजलेली पेन्सिल, या क्रमाने तपासा.

वाचन ११ आणि ४.६ आलं तर वहीत ११ आणि ४.६ लिहा, आणि धनाग्राची झिजलेली पेन्सिल उपकरणाशेजारी मांडून ठेवा. ऑक्सिजन कमी का, हे परीक्षक विचारणारच.