पाहुणा नट असेल तर आधी त्याची वही करा

काही वर्षांपूर्वी आमच्या व्याख्यानमालेचा एक पाहुणा आम्ही चाळीस सेकंदांच्या क्लिपवरून रद्द केला. नाव लिहीत नाही. चूक आमची होती, त्याची नाही. कार्यक्रम शनिवारी आणि क्लिप बुधवारी रात्री ग्रुपवर आली. त्यात तो एका समाजाबद्दल वाट्टेल ते बोलताना दिसत होता. गुरुवारी सकाळी समितीतले पाच जण माझ्या ओट्यावर हजर. "ताई, हा माणूस आपल्या मंचावर नको म्हणजे नको." मी फोन लावला. तो इतकंच म्हणाला, "पूर्ण पाहिलं का हो तुम्ही?"

नव्हतं पाहिलं. ते नाटकातल्या खलनायकाचं स्वगत होतं. बिछायत केंद्रवाल्याला (मंडप-खुर्च्यावाल्याला) दिलेला ॲडव्हान्स गेला, विदर्भ एक्सप्रेसच्या तिकिटाचे पैसे गेले, आणि त्या संध्याकाळी आमच्याच अध्यक्षांनी 'ज्येष्ठांचे आरोग्य' या विषयावर पन्नास मिनिटं घेतली. तेव्हापासून मी वही करते, म्हणजे पाहुणा काय, कुठे, कधी बोलला ते तपासून टिपून ठेवते.

नागपुरात दर हिवाळ्यात गल्लोगल्ली व्याख्यानमाला, महोत्सव, स्नेहसंमेलनं असतात आणि सगळ्यांना 'टीव्हीवरचा कोणीतरी' हवा असतो. त्यानं कधी राजकारणावर तोंड उघडलं असेल तर कोणी म्हणतं तो 'त्यांचा' माणूस आहे, कोणी म्हणतं 'आपला' आहे. अशा वेळी काय करायचं, ते माझ्या अनुभवातून सांगते. चाळीस पानी वही पुरते. एक संध्याकाळ जाते.

मी पोस्टात तेहतीस वर्षं काढली. पाकिटावर शिक्का असतो: कोणतं पोस्ट, कोणती तारीख. आत काय लिहिलंय यावर पोस्टमननं मत द्यायचं नसतं, पण शिक्का न वाचता पाकीट पुढे ढकलायचं नसतं. वहीचा नियम तोच. पाहुण्याचं मत बरोबर की चूक हे वहीत लिहायचं नाही. कोण, कुठे, कधी, एवढंच.

पहिल्या पानावर लिहायचं, हे वाक्य त्याचं आहे का. सोपं वाटतं, पण इथेच निम्मी वही भरते.

एप्रिल २०२४, लोकसभेची धामधूम. आमिर खान एका पक्षावर टीका करतोय असा व्हिडिओ फिरून राहिला होता. तो त्याच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमाच्या प्रोमोवर खोटा आवाज चढवून बनवलेला निघाला. त्याच्याकडून खुलासा आला की आपण कधीच कोणत्या पक्षाचा प्रचार केलेला नाही, आणि पोलिसात तक्रार झाली. त्याच आठवड्यात रणवीर सिंगचा आला. तो वाराणसीत खरंच बोलला होता, चित्र खरं होतं, फक्त शब्द बदलले होते. म्हणजे 'माणूस तोच दिसतो नं!' हा पुरावा आता चालत नाही.

तपासायचं असं. क्लिप थांबवून एका चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्सला द्या. मागचा पडदा, माईकवरचं चिन्ह, शर्टाचा रंग यांवरून मूळ मुलाखत बहुतेक वेळा सापडते. मूळ मिळालं की क्लिपमधल्या वाक्याच्या आधीची पाच मिनिटं आणि नंतरची पाच मिनिटं ऐका. ऐका म्हणजे कानानं. खालच्या कॉमेंटी वाचू नका. बूम, ऑल्ट न्यूज, न्यूजचेकर या खरं-खोटं तपासणाऱ्यांच्या पानांवर पाहुण्याचं नाव टाकून पाहा. न्यूजचेकरचं मराठीतही आहे. खात्यासमोर निळी खूण दिसली म्हणून विश्वास ठेवू नका, ती खूण आता पैसे भरून मिळते.

मग पाहायचं, वाक्य लिहिलं त्यानं की नुसतं पुढे टाकलं. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळे यांना शरद पवारांवरच्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली आणि महिनाभराहून जास्त काळ त्या तुरुंगात राहिल्या. त्या ओळी दुसऱ्याच्या नावानं होत्या, त्यांनी आपल्या पानावर टाकल्या होत्या. कोणी म्हणेल टाकलं म्हणजे मान्य केलं. म्हणा. पण वहीत 'लिहिलं' आणि 'टाकलं' हे दोन वेगळे रकाने ठेवा. अटक योग्य होती का, यावर आमच्या समितीत आजही दोन तट आहेत, आणि ते तसेच राहू द्यायचे असतात.

तिसरा प्रकार नागपूरकरांना आठवत असेल, कारण त्यात आपल्या काटोलचे अनिल देशमुख होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये रिहाना या परदेशी गायिकेनं शेतकरी आंदोलनाबद्दल ट्विट केलं. लगेच आपल्याकडच्या बऱ्याच नामवंतांची उत्तरं आली, आणि अक्षय कुमार व सायना नेहवाल यांच्या ट्विटमधले शब्द जवळपास तेच निघाले. देशमुख तेव्हा गृहमंत्री होते. त्यांनी चौकशी करू म्हटलं, आणि त्यावरून पुन्हा गदारोळ झाला. आपल्याला गदारोळाशी देणंघेणं नाही. पाहुण्याचं वाक्य घ्यायचं, अवतरणचिन्हात टाकून शोधायचं, आणखी कोणाच्या तोंडी हुबेहूब तेच आहे का पाहायचं. असेल तर ते मत कमी आणि मजकूर जास्त. कोब्रापोस्ट या वृत्त संकेतस्थळानं २०१९ मध्ये छुपं चित्रण दाखवलं होतं, त्यात तीसहून अधिक कलाकार पैसे घेऊन पक्षासाठी पोस्ट टाकायला तयार होताना दिसले. नकार देणारेही त्यात होते, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

दुसऱ्या पानावर फक्त तारखा. डॉ. अमोल कोल्हे यांचं उदाहरण मी नव्या पोरांना देते. जानेवारी २०२२ मध्ये कळलं की एका चित्रपटात त्यांनी नथुरामची भूमिका केली आहे. ते तोवर, २०१९ मध्ये, राष्ट्रवादीचे खासदार झाले होते. गदारोळ झाला. त्यांचं म्हणणं होतं, चित्रीकरण २०१७ चं, तेव्हा मी या पक्षात नव्हतो, आणि भूमिका म्हणजे विचार नव्हे. त्यांच्याच पक्षातले जितेंद्र आव्हाड विरोधात बोलले, शरद पवारांनी कलाकार म्हणून पाठराखण केली. पटो न पटो, पण २०१७, २०१९, २०२२ या तीन तारखा एकाखाली एक लिहिल्याशिवाय यावर वाद घालताच येत नाही. ऊर्मिला मातोंडकर यांचंही तसंच: २०१९ ला काँग्रेसकडून उत्तर मुंबईत लढल्या आणि हरल्या, त्याच वर्षी पक्ष सोडला, डिसेंबर २०२० मध्ये शिवसेनेत गेल्या. 'पक्ष बदलला' हा टोमणा झाला. तारीख हे टिपण.

जिथे दोन बाजू आहेत तिथे दोन्ही लिहा. किरण माने यांना २०२२ मध्ये मालिकेतून काढलं. ते म्हणाले राजकीय पोस्टमुळं, निर्मितीच्या बाजूनं सांगितलं सेटवरच्या वागणुकीमुळं. नंतर, जानेवारी २०२४ मध्ये, ते ठाकरे गटात गेले. माझ्या वहीत एवढंच आहे. निकाल द्यायला मी कोण?

आता तिसरं पान, माझं आवडतं. त्यावर मी लिहिते: पाय. तोंडानं काय बोलला ते झालं, पायांनी कुठे गेला?

निळू फुले पडद्यावर असा पाटील रंगवायचे की बाया खरंच घाबरायच्या. माणूस राष्ट्र सेवा दलातला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला. क्लिपवरून माणूस ओळखायचा म्हटलं तर निळूभाऊंना कोणी गावात शिरू दिलं नसतं! डॉ. श्रीराम लागू देव मानत नव्हते आणि ते भर सभेत सांगायचे. पटत नसणारेही ऐकायला बसायचे. कारण नुसतं बोलून ते घरी गेले नाहीत. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी त्यांनी, निळूभाऊंनी आणि इतर कलावंतांनी नाटकाचे प्रयोग केले, आणि त्या पैशातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. सुनील दत्त १९८७ मध्ये खासदार असताना मुंबईहून अमृतसरला पायी गेले, जवळपास दोन हजार किलोमीटर, पंजाब पेटलेला असताना. माझ्या वहीत अशा माणसाच्या एका वाक्याचं वजन वेगळं पडतं.

आणि आमचे वीरा साथीदार. त्यांच्या बाबतीत क्रमच उलटा. आयुष्य आंबेडकरी चळवळीत गेलं, 'विद्रोही' मासिक चालवलं, आणि मग चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये त्यांनी लोकशाहीर केला. सफाई कामगार मेला, तो गाण्यामुळं मेला, असा आरोप ज्याच्यावर ठेवतात तो शाहीर. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करला गेला. साथीदार नागपुरातच राहिले आणि एप्रिल २०२१ मध्ये, आंबेडकर जयंतीच्या तोंडावर, कोरोनानं गेले. 'हा नट राजकारणावर कशाला बोलून राहिला?' असं कोणी म्हटलं की मी विचारते, आधी नट की आधी कार्यकर्ता? साथीदारांच्या बाबतीत प्रश्नच उलटा विचारावा लागला असता.

पायाचं पान भरायला इंटरनेट पुरत नाही. फोन करावा लागतो, आणि तो मॅनेजरला नाही. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनात नागपुरात टी पॉइंटवर मोर्चे अडवतात तेव्हा एखादा ओळखीचा चेहरा येतो, फोटो निघतो. तुम्ही त्या मोर्चाच्या कार्यकर्त्याला विचारा, "किती वेळ थांबला? नंतर कधी फोन केला?" पाण्याच्या कामाचा उल्लेख असेल तर गावात विचारा. आमिर खानच्या पाणी फाउंडेशनची पहिली स्पर्धा २०१६ मध्ये तीन तालुक्यांत झाली, त्यातला एक आपल्या शेजारचा वरूड. नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी २०१५ मध्ये नाम फाउंडेशन सुरू केलं, त्याआधी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी पंधरा-पंधरा हजारांचे धनादेश दिले. अशा कामाचा माग गावातली बाई दोन मिनिटांत सांगते. प्रसिद्धीपत्रक चार पानांत सांगत नाही.

पद असेल तर चौथं पान, आणि ते लवकर होतं. निवडणूक लढला असेल तर त्याचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं, मायनेता या पानावर सोपं करून दिलेलं असतं. खासदार असेल तर हजेरी आणि प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर. राज्यसभेवर राष्ट्रपती बारा जण नेमतात, विधान परिषदेवर राज्यपाल बारा. कलावंत बरेचदा या दारानं जातात. लता मंगेशकर १९९९ ते २००५ राज्यसभेत होत्या, हजेरी फारच कमी. भत्तेही घेतले नाहीत, तेही लिहा. 'स्टार प्रचारक' या शब्दानं फसू नका. तो सिनेमाचा स्टार असलाच पाहिजे असं नाही. मान्यताप्राप्त पक्ष आयोगाला चाळीसपर्यंत नावं देतो, ती यादी पाहायला मिळते. तुमचा पाहुणा तिच्यात असेल तर तो पक्षाचा माणूस, वाद मिटला. आणि 'मतदान करा' एवढंच सांगणारा आयोगाचा सदिच्छादूतही असू शकतो. त्याला कोणत्या पक्षात ढकलू नका.

वही झाली की समितीची बैठक. तर्री पोहे आधी देऊ नका, भांडून झाल्यावर द्या. मी वही मोठ्यानं वाचते, कोणालाही मध्ये बोलू देत नाही, मग एकच प्रश्न ठेवते: यांना काय विचारायचं? 'बोलवायचं की नाही' असा प्रश्न ठेवला की पहिला मोठा आवाज जिंकतो. 'काय विचारायचं' म्हटलं की गप्प बसणाऱ्या वहिनीसुद्धा चिठ्ठी लिहितात.

पाहुण्याला पत्रात सरळ लिहा: श्रोते राजकीय प्रश्न विचारतील, उत्तर द्यायचं नसेल तर तसं म्हणा, आम्ही पुढची चिठ्ठी घेऊ. हे आधी कळवलं की कोणी रागावत नाही. एक गायिका म्हणाली, "मला फक्त गाण्यावर विचारा." ठीक. गप्प राहणं हीही एक बाजू आहे, पण ती मंचावर ओढून काढायची नाही. आणीबाणीत किशोर कुमारनं सरकारी कार्यक्रमाला नकार दिला तर आकाशवाणीवर त्याची गाणी बंद झाली होती. बोलण्या-न बोलण्याची किंमत आपण खुर्चीत बसून ठरवू नये.

निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर परवानगी आधी काढा, आणि रात्री दहानंतर माईक नाही. चिठ्ठ्या मी स्वतः वाचते. "तुम्ही अमक्या पक्षाचे का?" ही बाजूला. "२०१९ ला तुम्ही असं म्हणाला होता, आज काय वाटतं?" ही वर. तारीख असलेली चिठ्ठी आधी.

कार्यक्रम संपला की त्याच रात्री पूर्ण रेकॉर्डिंग, न कापता, नावात तारीख घालून यूट्यूबवर टाका. कारण सकाळी कोणीतरी चाळीस सेकंद कापणारच आहे, आणि तेव्हा "पूर्ण पाहा" म्हणून द्यायला आपल्याकडे काहीतरी हवं. आमच्याकडे हे काम बिछायतवाल्याचा मुलगा करतो. मानधन घेत नाही. पोह्यांची एक प्लेट जास्त, तर्री वेगळी.