दापोलीत एका दिवसात मोठ्या माणसांची गावं कशी बघायची

दापोलीला आलात की लोक थेट समुद्रावर पळतात, तसं नका करू, एक दिवस गावांसाठी ठेवा. सकाळी लवकर निघा आणि आधी मुरुड गाठा (दापोलीचं हां, रायगडातलं जंजिऱ्यावालं नव्हे, मॅपवर नीट बघून टाका, आमच्या पाहुण्यांनी टाकलं होतं चुकीचं आणि दुपारी फोन करत बसले). धोंडो केशव कर्वे इथेच वाढले. परीक्षेसाठी हा मुलगा इथून घाट चढून चालत साताऱ्याला गेला आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही! पुढे १९१६ मध्ये त्यांनीच बायकांसाठी विद्यापीठ काढलं, १९५८ ला भारतरत्न. गाडी बाहेर लावून चालतच फिरा, जांभ्याचे गडगे, आत पोफळी, पायाखाली सोललेली सुपारी वाळत घातलेली असेल तर तुडवू नका, ओरडा पडतो.

तिथून आंजर्ल्याकडे, जवळच मुर्डी, रँग्लर परांजप्यांचं गाव. १८९९ साली केंब्रिजला गणितात सिनियर रँग्लर (म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिला नंबर) झालेले ते पहिले भारतीय. बघायला फार काही नाही, पण एवढ्याशा गावातून हा माणूस निघाला हेच बघायचं.

परत येताना दापोलीत एजी हायस्कूल बाहेरून बघा, साने गुरुजी इथे शिकले, पालगड त्यांचं गाव. वेळ उरला तर १९७२ चं कृषी विद्यापीठ, हापूसची कलमं घ्यायची असतील तर तिथेच चौकशी करा.