पहिल्या पुराआधी मातीच्या छोट्या धरणाची पाहणी कशी करावी

ओढ्याचा लोंढा अडवण्यासाठी बांधलेले मातीचे छोटे धरण उन्हाळ्यात जवळजवळ कोरडे पडलेले असते, आणि मग मृगाच्या किंवा आर्द्राच्या एखाद्या रात्री काही तासांतच काठोकाठ भरते. उन्हाने तडकलेल्या भरावावर पाण्याचा सगळा दाब असा एकदम येतो, म्हणून वर्षातली पहिली भरती हाच त्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक काळ असतो. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, तेही याच दिवसांत. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती आणि फुटल्यावर खापर खेकड्यांवर फोडले गेले. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि काही अटी पूर्ण होत असतील तर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून लहान तलावांवर नजर ठेवणे हे मुख्यतः स्थानिक यंत्रणेच्या आणि गावाच्याच हाती राहते.

मे महिन्यात मागच्या, म्हणजे कोरड्या उतारावरचे गवत जमिनीलगत कापून घ्यावे. उपटू मात्र नये, कारण त्याच्या मुळांनीच माती धरून ठेवलेली असते. पाहणी सकाळी, ऊन तिरपे असताना करावी, म्हणजे उतारावरचा फुगवटा किंवा खोलगट भाग सावलीमुळे चटकन दिसतो. प्रथम माथ्यावरून चालत जावे. माथ्याची एखादी जागा खचली असेल, तर पुराचे पाणी सर्वांत आधी तिथूनच ओसंडेल आणि मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागले की तो फार काळ तग धरत नाही. अशी जागा ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे वळवाच्या पावसानंतर माथ्यावर डबके कुठे साचते ते पाहणे.

काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडणारच, त्यामुळे प्रत्येक भेगेने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तिची दिशा अवश्य पाहावी. धरणाच्या लांबीला समांतर जाणारी भेग रुंद होत असेल आणि तिची एक कड खाली बसलेली दिसत असेल, तर उतार घसरू लागल्याची शंका घ्यावी. पाण्याकडून कोरड्या बाजूकडे आडवी गेलेली भेग त्याहून घातक, कारण ती पाण्याला आयती वाट करून देते. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकून त्यांमधले अंतर दर आठवड्याला मोजावे, पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून वर ताडपत्री अंथरावी आणि अभियंत्याला कळवावे. वरून माती लोटून भेग बुजवली म्हणजे ती केवळ दिसेनाशी होते.

पाण्याकडच्या उतारावर दगडी पिचिंग, म्हणजे लाटांपासून माती वाचवणारे दगडांचे अस्तर, कुठे ढासळले आहे ते पाहावे. भरावावरची बाभळीची, सुबाभळीची रोपे लहान असतानाच काढून टाकावीत. मोठे झाड मात्र तलाव भरलेला असताना तोडू नये, कारण त्याची मुळे कुजल्यावर भरावात पोकळ नळ्या उरतात आणि त्या खोदून, थराथराने माती चोपून घट्ट भरण्याचे काम तलाव कोरडा असतानाच करता येते. घुशींची आणि खेकड्यांची बिळे दिसली की त्यांची नोंद जागेसह करावी.

सांडव्याकडे, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्यासाठी ठेवलेल्या वाटेकडे, गावाचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. वर्षातून एखाद-दुसरा दिवस वाहणारी ती मोकळी जागा कुणाला गोठ्यासाठी सोयीची वाटते, कुणी मासे निसटू नयेत म्हणून तिथे जाळी लावतो, तर कुणी हातभर पाणी जास्त साठावे म्हणून वाळूची पोती रचतो. मूळ आराखड्यात माथा आणि पुराची कमाल पातळी यांत जी मोकळी उंची राखलेली असते, तीच ही पोती खाऊन टाकतात. पावसाळ्याच्या तोंडावर ती निर्दयपणे काढावीत, मग रचणारा सरपंचाचा भाऊ का असेना.

आता गळती. मातीचे धरण थोडेफार पाझरतेच, त्यामुळे पायथ्याच्या नालीत स्वच्छ पाणी दिसणे हा दोष नव्हे. पाहायचे ते त्या पाण्याचे प्रमाण आणि रंग. नालीच्या तोंडाशी पंधरा लिटरची बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते ते मोजावे आणि त्यापुढे तलावातली पाणीपातळी व त्या दिवसाचा पाऊस लिहावा. पातळी तेवढीच आणि पाऊसही नाही, तरीही बादली लवकर भरू लागली, तर आत काहीतरी बदलले आहे. तेच पाणी काचेच्या बाटलीत भरून उजेडात धरावे व अर्धा तास स्थिर ठेवावे. तळाशी मातीचा थर बसला, तर धरण आतून पोखरले जात आहे असे समजावे. मोरीच्या, म्हणजे भरावातून तलावाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या नळाच्या, बाहेरच्या तोंडाशी कडेने ओल येते का हेही पाहावे, कारण नळ आणि माती यांच्या सांध्यातून पाणी वाट काढते.

पायथ्याशी वाळू उसळवत झरा उगवला, तर तिथे चिखल किंवा चिकणमाती थापून त्याचे तोंड बंद करण्याचा मोह टाळावा. अडलेले पाणी शेजारी दुसरे तोंड फोडते. त्यावर आधी जाडी वाळू, मग खडी आणि वर दगड असा थर द्यावा, जेणेकरून पाणी निघून जाईल पण माती आतच राहील. मोरी उघडून पातळी उतरवावी, मात्र भराव फुटण्याच्या बेतात नसेल तर ती सावकाश उतरवावी, कारण पाणी झपाट्याने ओसरले की भिजलेला पाण्याकडचा उतारच घसरतो. पाणी गढूळ येत असेल, तर तहसील कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला फोन करून ओढ्याकाठची घरे त्याच वेळी रिकामी करावीत, अभियंता येईपर्यंत थांबू नये. त्यासाठी ओढ्याकाठच्या प्रत्येक घरातल्या एकाचा तरी फोन क्रमांक पाहणीच्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेला असावा.