लातुरात फ्रॉगफिश सांभाळताना

"मासा हलंनाच की ओ, मेलाय का बघा." फ्रॉगफिश हा समुद्री मासा दिल्यावर पहिल्याच आठवड्यात गिऱ्हाईकाचे असे तीन फोन आले. मेला नव्हता. तो बसतोच तसा, दगडावर, वाळलेल्या स्पंजासारखा. पोहायचा कंटाळा, परांचे पाय करून सरकत जातो.

लातुरात टाक्या बसवून द्यायचं काम मी गोड्या पाण्यापासून शिकलो. समुद्री टाकीकडे वळणारी नवी पोरं मला विचारतात, एका जागी बसणारा मासा म्हणजे सोपा ना? मलाही तसंच वाटलं होतं. पहिला फ्रॉगफिश मी दोन क्लाऊनफिशसोबत सोडला. सकाळी एक गायब. उडी मारली असेल म्हणून फिल्टरमागं, सोफ्याखाली शोधत बसलो, मग ह्याचं पोट दिसलं. पाठीवरच्या पहिल्या काट्याचा गळ झालेला असतो, त्याच्या टोकाला आमिष. ते हलवून भक्ष्य जवळ बोलावतो आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत पाण्यासकट ओढून घेतो. स्वतःएवढा मासाही गिळतो. तेव्हा त्याची टाकी वेगळीच. घेताना जात विचारा. काही जाती बोटाएवढ्या राहतात, काही 30 सेंटीमीटरच्या पुढं जातात.

उपाशी ठेवून हा मासा मेलेला मी पाहिला नाही, लाडानं मेलेला पाहिलाय. एका घरी लेकरं रोज खाऊ घालायची, कारण तोंड उघडताना मजा वाटते. जास्तीच्या खाण्याची घाण होऊन टाकीत विषारी अमोनिया चढला आणि आठवड्यात खेळ संपला. मोठ्या माशाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. काडीला कोळंबी लावून तोंडापुढं हळू हलवायची, काही दिवसांत तो जिवंत चाऱ्याचा हट्ट सोडतो. रोज गप्पी नको. गोड्या पाण्यातल्या माशांची चरबी ह्याला मानवत नाही. आणि हलवताना जाळीनं वर काढायचा नाही, पाण्यातच डब्यात घ्यायचा. हवा गिळली की फुगून तरंगतो.

बाकी सगळी लढाई पाण्याची. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव, त्यात आम्ही समुद्र मांडतो! बोअरचं पाणी जड, म्हणून आरओ लागतोच. त्यातून वाया जाणारं पाणी गटारीत सोडाल तर शेजारी बोलतील. मी फरशीला आणि गाडीला वापरतो. मीठ घालून घनता 1.025. मे महिन्यात पाणी भराभर उडतं, तेव्हा वरून साधं आरओचं पाणीच टाकायचं. नवा माणूस इथं हटकून चुकतो आणि खाऱ्यावर खारं ओततो. उडतं ते पाणी, मीठ टाकीतच राहतं. तापमान 24 ते 26 अंश. बाहेर चाळिशी पार असताना नुसत्या पंख्यानं भागत नाही, पाणी गार करणाऱ्या चिलरचा खर्च गिऱ्हाईकाला आधीच सांगा. ऐकून निम्मे मागं फिरतात. फिरू द्या.

त्या तीन फोनवाल्यांपैकी एक रिटायर मास्तर आहेत. त्यांचा फोन अजून येतो, पण आता म्हणतात, "आज गळ हलवला बगा, दोनदा."